हात न लावता

कुकरच्या झाकणातून काढलेली रिंग कांताच्या बोटाला लटकत होती — काळी, नवी, अजून रबराचा वास असलेली — आणि ती कुठे ठेवायची हे तिला सुचत नव्हतं. ओट्यावर ठेवली तर केकच्या सामानात दिसेल, खिळ्याला अडकवली तर येणाऱ्या बायका विचारतील, ही काढून का ठेवली, आणि मग सांगावं लागेल की केक करताना रिंगही काढायची आणि शिट्टीही, वाफ कोंडायची नाही, खाली रेती पसरून नुसती ऊब द्यायची... पण हे सांगायलाच तर बोलावलं आहे त्यांना! मग विचारलं तर बिघडलं कुठे? ती स्वतःशीच हसली. हसताना मनातली धास्ती मात्र होती तिथेच होती. सकाळी उठल्यापासून ती मुक्काम ठोकून बसली होती, लग्नघरी आधीच येऊन बसलेल्या दूरच्या पाहुण्यासारखी, आणि जायचं नाव काढत नव्हती.

दुपारी कॉलनीतल्या बायका येणार होत्या. आर्वीतल्या या कॉलनीत घर बांधून कांताला बरीच वर्षं झाली होती, आणि या वर्षांत त्या बायका तिच्याकडे आल्याच नव्हत्या असं मुळीच नाही. गृहप्रवेशाला आल्या, प्रफुल्लला बढती मिळाली तेव्हा आल्या, कांता टायफॉइडनं पडली तेव्हा तर रोज कुणीतरी येऊन उशाशी बसत होतं. बसल्या, बोलल्या, घर किती छान ठेवलं म्हणाल्या. फक्त खाल्लं नाही. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाची चतुर्थी. ज्यांचा कुठलाच वार नव्हता त्यांना ॲसिडिटी. शोभाबाईंनी — मेन रोडवरच्या कापडदुकानाची ही मालकीण, कॉलनीच्या भिशीची सर्वेसर्वा, तिनं मान हलवली की बाकीच्यांच्या माना आपोआप हलतात — एकदा लाडवांची बशी कपाळाला लावली होती आणि "घरी नेतो, पोरांले देतो" म्हणून लाडू रुमालात बांधून नेले होते. त्या लाडवांचं पुढे काय झालं ते कांतानं विचारलं नाही. विचारायचं नसतं.

तर केक फुगेल की नाही हा आजचा प्रश्नच नव्हता. त्या खातील की नाही, एवढाच होता. एका उन्हाळ्यात कांता रोज एसटीनं वर्ध्याला जाऊन बेकरीचे पदार्थ शिकून आली होती, आणि तेव्हापासून तिच्या मनात होतं की घरीच क्लास काढावा, सुट्टीत पोरी याव्यात, सुना याव्यात, समोरच्या खोलीत मैद्याची पांढरी धूळ उडावी. त्यासाठी आधी एकदा करून दाखवायला हवं होतं. शोभाबाई खातील तर सगळ्या खातील, आणि सगळ्या खातील तर क्लास उभा राहील. नाही खाल्लं तर... ज्या हातचं खायचं नाही त्या हातचं शिकायचं तरी कशाला? इतकं ते सोपं होतं, आणि म्हणूनच त्यात लपायला कुठे कोपरा नव्हता.

"घाबरतं काऊन येवढं?" प्रफुल्ल ऑफिसला निघताना म्हणाला होता. तो पाटबंधारे खात्यात होता, आणि धरणाच्या पाण्यापासून बायकोच्या भीतीपर्यंत सगळं आपोआप आपल्या पातळीला येतं यावर त्याचा विश्वास होता. "त्या काय तुले खाऊन राह्यल्या का?"

आपल्याच विनोदावर तो हसला. मला नाही हो, मला कशाला खातील, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. चपला घालता घालता तो थांबला आणि त्यानं समोरच्या खोलीकडे बघितलं. खुर्च्या रोजच्या जागी नव्हत्या. मधे टेबल, टेबलावर गॅसची छोटी शेगडी, आणि खुर्च्या सगळ्या टेबलाकडे तोंड करून. म्हणजे भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोंकडे पाठ करून.

"खुर्च्या अशा काऊन मांडल्या?"

"पंखा तिकडं आहे ना."

त्यानं वर बघितलं. पंखा खोलीच्या मधोमध होता, कुठूनही सारखाच लागणारा, आणि हे दोघांनाही दिसत होतं. "येतो," म्हणून तो गेला, फाटक लावायचं विसरून गेला, आणि कांतानं जाऊन फाटक लावलं, कडी घातली.

विहारात शिबिर झालं तेव्हा भंतेजींनी श्वास बघायला शिकवलं होतं. आत येतो तो बघा, बाहेर जातो तो बघा, ढकलू नका, अडवू नका. ती स्वयंपाकघरात पाटावर बसली, डोळे मिटले, नाकपुड्यांशी लक्ष नेलं. श्वास आत आला तो व्हॅनिलाचा वास घेऊन आला. इसेन्सच्या बाटलीच्या बुचाला कुठेतरी फट असणार. तो वास आला आणि त्याच्या पाठोपाठ समुद्रपूरची शाळा आली, लांबलचक पडवी, पडवीत ओळीनं मांडलेले स्टोव्ह — दहावीच्या गृहविज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा, बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई, त्यांची जांभळी साडी, हातात एक चमचा आणि पाण्याचा पेला. प्रत्येक मुलीसमोर थांबायच्या, चमचा बुडवायच्या, चाखायच्या, चमचा पेल्यात खळबळून पुढच्या मुलीकडे. आणि मुलींच्या आडनावांचा कागद दुसऱ्या हातात. कांतानं गाजराचा हलवा केला होता. आईनं, सीताबाईनं, शेजारच्या मळ्यात राबून गाजरं आणली होती, दूध आटवून कसं ठेवायचं ते पहाटे उठून दाखवलं होतं. बाई तिच्यासमोर आल्या. कागद बघितला. वाकल्या, इतक्या की त्यांच्या गळ्यातलं मंगळसूत्र हलव्याशी लोंबलं. "वा, रंग काय सुरेख आलाय!" म्हणाल्या, आणि पेल्यातला चमचा पेल्यातच राहिला, आणि बाई पुढे गेल्या.

सगळ्यांत जास्त गुण तिलाच मिळाले. हे फार वाईट होतं. कमी मिळाले असते तर भांडता आलं असतं, निदान रडता तरी आलं असतं. पण पहिला नंबर आलेल्या मुलीनं कशासाठी रडायचं? घरी आल्यावर आईनं विचारलं, "बाईनं चाखून काय म्हटलं वो, पोरी?" आणि ती म्हणाली, "चांगला झाला म्हटलं." आईचा चेहरा केवढा उजळला... त्या चेहऱ्याकडे बघून तिनं ठरवलं की हे मरेपर्यंत सांगायचं नाही. आई गेली. सांगितलं नाही.

कांतानं डोळे उघडले. श्वास बघायचा राहूनच गेला होता. छाती मात्र भात्यासारखी चालली होती. तिनं उठून मनगटांवर गार पाणी घेतलं, दोन घोट प्याली आणि उगाच कॅलेंडरपाशी जाऊन उभी राहिली.

बुधवार. बुधवार तिनं शोधून काढला होता. तिच्या माहेरी वडिलांच्या, बापूरावांच्या काळापासून उपास नव्हते. छप्पन साली धर्म घेतला तेव्हा बापूरावांनी देव्हारा वणा नदीत सोडला आणि त्याबरोबर वारही सोडले. उपास म्हणजे काय ते कांता शिकली ती या कॉलनीत. कुठल्या बाईचा कुठला वार, कोण एकवेळ जेवते, कोणाला साबुदाणा चालतो, कोण प्रदोष धरते, हे त्या बायकांच्या नवऱ्यांना ठाऊक नसेल इतकं तिला पाठ होतं. तर हा बुधवार तिनं असा निवडला की त्याच्यावर कसलीच तिथी नाही, कोणाचाच नेम नाही, सगळे कोरे. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकसुद्धा फुंकून पितं. तिनं वार फुंकून घेतला होता. तेव्हा आपल्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं होतं तिला!

आणि आता कॅलेंडरपुढे उभं राहून ती त्या चौकोनात काहीतरी शोधत होती. एखादी बारीक अक्षरातली चतुर्थी. एखादी कुणाची पुण्यतिथी. काहीही. कारण आज कोणी नाही म्हटलं तर ते नुसतं नाही असणार होतं. आजवर उपासाचं पांघरूण दोघींच्याही अंगावर होतं, म्हणणारीच्याही आणि ऐकणारीच्याही. "अगंबाई, गुरुवार का तुमचा, माझ्या लक्षातच नाही," असं म्हणून कांताही त्यात शिरत होती, उबेला बसत होती. ते पांघरूण तिनं आपल्या हातानं ओढून काढलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आता उघड्यावर बसायचं, आणि बघायचं कोण कोण कुडकुडतं ते. चौकोनात बुधवार होता आणि बाकी काही नव्हतं.

तिनं ठरवलं की आता विचार नाही करायचा, तयारी बघायची. तयारी बघितली की मन थाऱ्यावर येतं. मैदा चाळून ठेवलेला. साखर दळलेली. डब्यातलं घट्ट दूध, अंड्याऐवजी. अंडं नाही हे तिनं बोलावतानाच सांगितलं होतं, आणि भांडी नवीन आहेत हेही, कुणी विचारलं नसताना. कुकर नवा, पातेली नवी, वाडगा नवा — प्रात्यक्षिकाला जुनी भांडी बरी दिसत नाहीत. खायला कागदाच्या प्लेटा — एवढ्या बशा विसळत कोण बसणार? पाण्याऐवजी थंड्याच्या बाटल्या, वर बूच तसंच, आत घालायला नळ्या — पाहुणचार म्हणून. लोणी फेसायला लांब दांड्याचा लाकडी चमचा — लोकांसमोर करताना नीटनेटकं दिसलं पाहिजे. घरी ती लोणी हातानं फेसायची. वर्ध्याला शिकवणाऱ्या बाईंनीच सांगितलं होतं, तळहाताच्या उबेनं लोणी जसं फुलतं तसं चमच्यानं फुलत नाही. गेल्या आठवड्यात तिनं चमच्यानं करून बघितलं होतं; केक दडस झाला, मधे बसला. पुन्हा केला, पुन्हा बसला. तरी चमचाच ठेवला होता. नीटनेटकं दिसलं पाहिजे.

प्रत्येक वस्तूला कारण होतं. कारणं सगळी चांगली होती. ती एकेका वस्तूवरून नजर फिरवत गेली आणि खरंच जरा बरं वाटायला लागलं, आणि तेवढ्यात मागच्या दारानं रीता आली.

रीता म्हणजे शोभाबाईंची सून. नागपूरकडची, लग्नाला फार दिवस झाले नव्हते, सासूच्या धाकात असूनही गुणगुणत फिरणारी. कांतावर तिचा जीव होता. केक शिकायचाच म्हणून तिनंच सासूच्या मागे धोशा लावला होता.

"काकू, झाली तयारी? अय्या, किती मस्त मांडलं तुम्ही! एकदम टीव्हीवर दाखवतात तसं." ती टेबलाभोवती फिरली, हात मागे बांधून, कशाला न लावता. "मले वाटलं काही मदत लागली तर... पण तुमचं त सारं रेडी आहे."

"येऊन राह्यल्या ना सगळ्या?" कांतानं विचारलं. आवाज जितका सहज काढायचा होता तितका निघाला नाही.

"येऊन राह्यल्या ना! आई पण येतात. कालपासून त्यांचं चालू होतं, जाऊ का नको, जाऊ का नको..." रीतानं आवाज खाली आणला, आतली गोष्ट सांगावी तसा, डोळ्यांत आनंद मावत नव्हता. "मंग मीच म्हटलं त्यांना, काल तुमचं सामान पाहून गेली होती ना मी. म्हटलं, आई, तुम्ही उगाच टेन्शन घेऊन राह्यल्या. काकू हात लावतच नाई कशाले. सगळं चमच्यानं. भांडे नवे, प्लेटा कागदाच्या, थंडा बाटलीतला. मंग काय प्रॉब्लेम आहे? तवा त्या हो म्हणाल्या."

"तू सांगितलं असं?"

"हो ना!" रीता म्हणाली. शाबासकीसाठी तिचा चेहरा वर झाला होता, लहान मुलीचा होतो तसा, आणि त्या चेहऱ्यात खोट म्हणून नव्हती. "बरं केलं ना, काकू?"

"बरं केलं," कांता म्हणाली.

रीता गेली, सासूला घेऊन येते म्हणाली. कांता ओट्याला टेकून उभी राहिली. राग यायला हवा होता, आणि ती त्याची वाट बघत होती, पण तो कोणावर यायचा तेच ठरत नव्हतं. रीतावर? तिनं पदरचं काही जोडलं नव्हतं. जे दिसलं ते तिनं नेऊन सांगितलं. शोभाबाईंवर? त्यांनी एक शब्दही मागितला नव्हता. भांडी नवी आणा म्हणाल्या नव्हत्या, बाटल्या आणा म्हणाल्या नव्हत्या. टायफॉइडमध्ये याच शोभाबाईंनी रोज डबा पाठवला होता, मऊ खिचडी, वर तुपाची धार, आणि कांतानं तो चाटूनपुसून खाल्ला होता. त्यांच्या घरचं आपण किती खाल्लं आणि आपलं त्यांनी किती, हे मनात आणणंसुद्धा तेव्हा कृतघ्नपणाचं वाटलं होतं...

नाही, कुणी सांगितलं नाही. मीच केलं. मी बाजारात गेले, मी वाडगा निवडला, मी चमचा घेतला. दोनदा केक बसला तरी मी चमचा सोडला नाही. मी माझ्याच घरात खुर्च्या फिरवल्या, आणि नवऱ्याला पंखा दाखवला. त्या परीक्षक बाईंना निदान वाकावं लागलं होतं, रंग सुरेख आहे असं काहीतरी सुचवून घ्यावं लागलं होतं. मी यांच्यासाठी तेवढीही तसदी ठेवली नाही. माझ्या घरी या, बसा, आणि माझा स्पर्श कुठेही न होता तृप्त होऊन जा. आईनं पहाटे उठून दूध आटवलं होतं. आई, तुला खोटं सांगितलं ते तुझ्यासाठी सांगितलं असं मला वाटायचं.

तिला रडू आलं नाही. समोरच्या खोलीत जाऊन खुर्च्या पुन्हा फिरवाव्यात असं तिला वाटलं, आणि तिनं एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवलाही. पण फाटक वाजलं, बायकांचे आवाज आले, आणि ती तशीच पुढे झाली, हसत.

त्या बसल्या. साड्यांचा, पावडरीचा, मोगऱ्याच्या वेण्यांचा वास पसरला. शोभाबाईंचे गुडघे दुखत होते. कांतानं त्यांना पुढची खुर्ची दिली आणि पायाखाली पाट सरकवला. "बसा वो आता तुमी बी, किती धावपळ करून राह्यल्या," शोभाबाई म्हणाल्या, मायेनंच म्हणाल्या. कांता टेबलामागे उभी राहिली. इतक्या माणसांत भिंतीकडे तोंड असलेली ती एकटीच होती. तिला दोन्ही फोटो समोर दिसत होते, बायकांच्या डोक्यांवरून.

तिनं बोलायला सुरुवात केली. आधी गॅस, मग रेती, रेती आधी तापवून घ्यायची. आवाज कापला, पण चालला. बायका कौतुकानं माना हलवत होत्या. मग तिनं लोणी नव्या वाडग्यात घेतलं, साखर घातली आणि चमचा उचलला. चमचा हातात जड लागला. तिनं तो दोनदा फिरवला. लोणी दांड्याला चिकटून नुसतं गोल गोल आलं. असंच आलं होतं गेल्या आठवड्यात. असाच बसला होता.

तिनं चमचा खाली ठेवला. बांगड्या कोपराकडे सारल्या, बाजूच्या भांड्यात हात धुतला, पुसला, आणि पंजा वाडग्यात घातला.

"हातानं फेसायचं," ती म्हणाली. "तळहाताची ऊब लागली की लोणी फुलतं. चमच्यानं केक बसतो."

खोलीत पंखा तेवढा फिरत होता. रीतानं आधी कांताकडे बघितलं, मग चटकन सासूकडे. तिच्या तोंडचं पाणीच पळालं होतं. मागच्या रांगेत कुणीतरी पदर सावरला. कांता खाली बघत लोणी चोळत होती, बोटांच्या फटीतून ते वर येत होतं, आणि तिला सगळं ऐकू येत होतं, त्या न बोललेल्यातलं.

शोभाबाई खाकरल्या.

"बरोबरच आहे," त्या मोठ्यांदा म्हणाल्या, आणि मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. "हाताची चव चमच्याले येते का? आन् आता कोन मानते वो तसलं काई? जमाना बदलला. मी त आज कांताबाईच्या हातचं खाऊनच जाईन, सांगून ठेवतो सगळ्याईले!"

"वा, शोभाबाई!" कुणीतरी म्हणालं. दुसरी हसली. खोली एकदम सैल झाली, खुर्च्या करकरल्या, रीतानं धरलेला श्वास सोडला. आणि मग सगळ्याजणी कांताकडे बघायला लागल्या.

आता तिनं काहीतरी म्हणायचं होतं. ते काय, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. एक शब्द, नाहीतर नुसतं हसू, डोळे जरा ओले झाले तर फारच छान. आणि ते यायला लागलंही होतं... कांताच्या ध्यानीमनी नसताना ते आतून वर येत होतं, उपकाराचं ते मऊ, ओलसर हसू, गालांना आपोआप ठाऊक असलेलं. शोभाबाई चांगल्या आहेत. मनापासून म्हणाल्या असतील. खातीलसुद्धा, पहिला तुकडा त्याच उचलतील, सगळ्यांना दाखवून. हेच तर हवं होतं. यासाठीच तर बुधवार शोधला होता, यासाठीच सकाळपासून जीव टांगणीला लागला होता — की कुणीतरी उठून इतक्या बायकांसमोर जाहीर करावं की हिच्या हातचं मी खाणार आहे, आणि हिनं त्याबद्दल हसावं.

गाल अर्धवट वर गेलेले तिला जाणवले. तिनं ते तिथेच धरले.

"साखर अजून हाताला लागते," ती म्हणाली. "अशी लागते तोवर थांबायचं नाही."

आवाज स्वच्छ आला. सकाळपासून जी धडधड घालवायला तिनं श्वास बघितला, मनगटं ओली केली, सामान तपासलं, ती केव्हाच थांबली होती, आणि कांता मनातल्या मनात ती थांबलेली जागा चाचपून बघत होती. तिथे भीती नव्हती. पण त्यांनी यावं, खावं, आवडलं म्हणावं ही जी ओढ इतकी वर्षं भीतीच्या शेजारीच नांदत होती, तीही तिथे नव्हती. केक चांगला होणार होता, हे तिला लोण्यावरूनच कळत होतं, आणि त्याचं आता काय करायचं हे कळत नव्हतं. ती लोणी फेसत राहिली. समोर शोभाबाई अजून हसऱ्या चेहऱ्यानं थांबल्या होत्या.